मराठी मेसेजला तिप्पट पैसे का पडतात?

प्रश्न थोडक्यात असा आहे. एका पतसंस्थेचे व्यवस्थापक विचारतात : "आमचे चार हजार सभासद आहेत. दर महिन्याला कर्जाच्या हप्त्याची आठवण मराठीत एसएमएसने पाठवतो. विक्रेत्याने १५ पैसे दर सांगितला होता, बिल मात्र प्रत्येक सभासदामागे ४५ पैशांनी येतं. विचारलं तर म्हणतो, इंग्रजीत पाठवा, स्वस्त पडेल. मेसेज पाठवायला मोबाईल कंपनीला जवळपास काही खर्च येत नाही असं ऐकलं आहे. मग आम्ही पैसे नक्की कशाचे भरतो? आणि मराठीलाच जास्त का?"

मी २००७ पासून बल्क एसएमएसच्या कामात आहे. बँका, दूध संघ, शाळा, नगरपालिका अशा सगळ्यांचे मेसेज या हातांखालून गेले आहेत. सुरुवात तुमच्या बिलापासूनच करतो, कारण विक्रेत्याने तुम्हाला फसवलेलं नाही. त्याने तुम्हाला नीट समजावून सांगितलं नाही, एवढाच त्याचा दोष.

तुमचा मजकूर बहुधा असा असेल : "नमस्कार, आपला जून महिन्याचा कर्जाचा हप्ता रुपये ३५०० दिनांक १० रोजी देय आहे. कृपया वेळेत भरणा करावा. हप्ता भरला असल्यास या संदेशाकडे दुर्लक्ष करावे. आपली पतसंस्था". वाचायला तो एक मेसेज आहे. यंत्रणेच्या हिशेबात तो १६२ अक्षरांचा आहे आणि मराठीत एका मेसेजमध्ये ७० अक्षरंच मावतात. त्यापेक्षा मोठा मजकूर तुकडे करून जातो आणि प्रत्येक तुकड्यात ६७ अक्षरं बसतात, कारण तुकडे फोनवर पुन्हा जोडता यावेत म्हणून थोडी जागा जोडणीच्या खुणेसाठी जाते. दोन तुकड्यांत १३४ अक्षरं मावतात. तुमची १६२ आहेत, म्हणून तीन तुकडे. पंधरा त्रिक पंचेचाळीस. इंग्रजीची मर्यादा मात्र १६० अक्षरांची आहे. हाच मजकूर इंग्रजीत लिहिला तर त्यात बसतो आणि एकच तुकडा होतो.

आता हे ७० आणि १६० आले कुठून? एसएमएसची जागा १४० बाइटची, म्हणजे ११२० बिटांची. १९८५च्या सुमारास युरोपात जीएसएम या मोबाईल तंत्रज्ञानाची रचना ठरत असताना जर्मन टपाल खात्यातले अभियंते फ्रिडहेल्म हिलेब्रँड यांनी १६० अक्षरं पुरेशी आहेत असा आग्रह धरला. इंग्रजी आणि युरोपातल्या मुख्य भाषांची अक्षरं ७ बिटांत बसवता येतात. १६० गुणिले ७ म्हणजे बरोबर ११२०. देवनागरीसाठी त्या ७ बिटांच्या अक्षरतक्त्यात घरच नव्हतं. म्हणून देवनागरीचा मेसेज युनिकोडने, म्हणजे सगळ्या लिप्यांच्या मोठ्या तक्त्याने जातो, तिथे प्रत्येक खुणेला १६ बिट लागतात. ११२० भागिले १६ म्हणजे ७०. पहिला एसएमएस ३ डिसेंबर १९९२ रोजी इंग्लंडमध्ये गेला, तो नाताळच्या शुभेच्छांचा होता. त्या चौकटीच्या मापात आपली भाषा आजही स्वतःला कोंबते आहे.

त्यात मराठीचं दुखणं दुहेरी आहे. आपण ज्याला एक अक्षर म्हणतो, त्याला यंत्रणा एक मानत नाही. "लक्ष्मी" हा शब्द आपल्या डोळ्यांना दोन अक्षरांचा दिसतो. यंत्रणेला तो असा दिसतो : ल, क, हलन्त, ष, हलन्त, म, दीर्घ ई. सात खुणा. "ज्येष्ठ"च्याही सात. "कर्जहप्ता" या चार अक्षरांच्या शब्दाच्या नऊ. काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार, पाय मोडलेलं प्रत्येक व्यंजन, सगळ्यांचं भाडं वेगळं. सरकारी वळणाचा, जोडाक्षरांनी भरलेला मराठी मजकूर म्हणूनच सगळ्यांत महाग पडतो. "दुर्लक्ष" या एका शब्दाला आठ खुणा लागतात.

यावर उपाय कागदावर आहे, हे फार थोड्यांना माहीत असतं. जीएसएमच्या मानकात नंतर राष्ट्रीय भाषांचे वेगळे तक्ते आले. तुर्की, स्पॅनिश आणि पोर्तुगीज यांच्यानंतर हिंदी, बंगाली, गुजराती, कन्नड, तमिळ, तेलुगू, मल्याळम, उडिया, पंजाबी, उर्दू यांचे. तो तक्ता वापरला तर भारतीय लिपीही ७ बिटांत बसते आणि एका मेसेजमध्ये ७० ऐवजी १५५पर्यंत अक्षरं जाऊ शकतात. मराठीचा स्वतंत्र तक्ता त्या यादीत नाही; देवनागरी आहे ती हिंदीच्या नावावर. पण तक्ता असून उपयोग तेव्हाच, जेव्हा पाठवणारं गेटवे (मेसेज नेटवर्कमध्ये सोडणारी यंत्रणा), मधली कंपनी आणि घेणारा फोन असे तिघेही तो ओळखतील. मी ज्या ज्या गेटवेवर काम केलं, तिथे देवनागरी म्हणजे युनिकोड एवढंच समीकरण पाहिलं. मला याचं मनापासून वाईट वाटतं. ज्या देशात कोट्यवधी लोक देवनागरीत वाचतात, तिथे हा तक्ता चालू करण्याचा आग्रह कोणी धरला नाही. कंपन्यांनी तो स्वतःहून धरण्याचं कारणही नव्हतं, कारण तुकडे जितके जास्त तितकं बिल जास्त.

आता तुमचा मोठा प्रश्न. मेसेजला खर्च येत नाही, मग पैसे कशाचे?

साताऱ्याहून पुण्याला एसटी निघालेली आहे. तुम्ही कंडक्टरकडे डबा दिलात. डबा दिला नसता तरी एसटी जाणारच होती, डिझेल तेवढंच जळणार होतं. एसएमएसचं तसंच आहे. फोन चालू असताना तो टॉवरशी अधूनमधून बोलत असतो : मी इथे आहे, कॉल आला तर इकडे पाठव. या बोलण्यासाठी जी वेगळी वाट राखून ठेवलेली असते, तिला सिग्नलिंग म्हणतात. एसएमएस त्याच वाटेने जातो. त्याच्यासाठी नवा टॉवर, नवा स्पेक्ट्रम घ्यावा लागला नाही. लागलं ते मेसेज साठवून पुढे ढकलणारं केंद्र, म्हणजे एसएमएससी. पत्ता शोधण्याची यंत्रणा. आणि ती चालवणारी माणसं.

पण कंडक्टरकडे शंभर जणांनी डबे दिले तर बसमध्ये उभं राहायला जागा उरत नाही. सिग्नलिंगची वाट अरुंद असते. दिवाळीच्या पाडव्याला आणि ३१ डिसेंबरच्या रात्री पाठवलेले मेसेज दुसऱ्या दिवशी सकाळी पोचायचे, ते याच कारणाने. त्या दिवसांना कंपन्या ब्लॅकआउट डे म्हणत. मेसेजचा पॅक असला तरी त्या दिवशी पूर्ण दर लागायचा, स्थानिक मेसेजला साधारण एक रुपया आणि राज्याबाहेर दीड रुपया. गर्दीचं कारण खरं होतं, पण दर ठरायचा तो गर्दीच्या खर्चावरून नव्हे. सणाच्या दिवशी माणूस मेसेज पाठवल्याशिवाय राहणार नाही, हे कंपन्यांना ठाऊक होतं.

हीच तक्रार अमेरिकेतही झाली होती. २००५ ते २००८ या काळात तिथल्या चार मोठ्या कंपन्यांनी सुट्या मेसेजचा दर १० सेंटवरून २० सेंटवर नेला. २००८ मध्ये सिनेटर हर्ब कोल यांनी चौघींना पत्र लिहून कारण विचारलं. पुढच्या वर्षी सिनेटच्या सुनावणीत वॉटर्लू विद्यापीठाचे प्राध्यापक श्रीनिवासन केशव यांनी हिशेब मांडला की एका मेसेजचा खर्च फार तर ०.३ सेंट आहे. तिथे तर मेसेज घेणाऱ्यालाही पैसे पडत होते.

आपल्याकडचा खर्चाचा अंदाज हवा असेल तर ट्रायचा, म्हणजे दूरसंचार नियामकाचा आकडा पाहा. एका कंपनीचा मेसेज दुसऱ्या कंपनीच्या ग्राहकाकडे पोचवायचा, तर पहिलीने दुसरीला काय द्यायचं, याला टर्मिनेशन शुल्क म्हणतात. ट्रायने ते ठरवण्याआधी काही कंपन्या एकमेकींकडून काहीच घेत नसत आणि काही घेत, त्यावरून भांडणं चालू होती. १ जून २०१३ पासून ट्रायने ते २ पैसे ठरवलं. म्हणजे दुसऱ्याच्या दारापर्यंत मेसेज नेऊन देण्याचं मोल नियामकाच्या लेखी दोन पैसे. व्यापारी मेसेजला मात्र वेगळा न्याय आहे. बँक, दुकान, पतसंस्था यांच्या मेसेजवर, मग तो जाहिरातीचा असो वा सेवेचा, घेणाऱ्या कंपनीला ५ पैशांपर्यंत शुल्क घेण्याची मुभा २०१८च्या नियमावलीत आहे. फुकट मेसेजचा पूर लोटू नये, हा त्यामागचा एक हेतू. मी या शुल्काच्या विरोधात नाही. २०१०च्या आसपास दिवसाला तीस-चाळीस जाहिराती यायच्या, तो काळ मी या धंद्याच्या आतून पाहिला आहे. तेव्हा मेसेज इतका स्वस्त होता की कोणाला पाठवतोय याचा विचारच कोणी करत नव्हतं.

तर तुमच्या १५ पैशांत हे सगळं आहे : तुमच्या विक्रेत्याची ज्या मोबाईल कंपनीशी जोडणी आहे तिचा दर, घेणाऱ्या कंपनीचं ५ पैशांपर्यंतचं शुल्क, डीएलटीवर (पाठवणारी संस्था आणि मजकूर आधी नोंदवून घेणाऱ्या यंत्रणेवर) मजकूर तपासण्याचा खर्च आणि विक्रेत्याची कमाई. वर १८ टक्के जीएसटी. यात प्रत्यक्ष मेसेज वाहून नेण्याचा भाग सगळ्यांत लहान. बाकी सगळं दार उघडण्याचं भाडं आहे. सभासदाच्या फोनचं दार त्याच्या मोबाईल कंपनीच्या ताब्यात आहे आणि दुसरी वाट नाही. या दराचा आणि बाइटचा संबंध किती तुटलेला आहे ते पाहायचं असेल तर एवढा गुणाकार करा : १४० बाइटला १५ पैसे, या भावाने एक जीबी पाठवायला सुमारे १० लाख ७० हजार रुपये लागतील. तोच सभासद दिवसाला दीड जीबीचा रिचार्ज मारून नातवाशी व्हिडिओवर बोलतो.

परदेशी कंपन्यांचं तर याहून पुढे. बाहेरच्या देशातून येणाऱ्या ओटीपीला आंतरराष्ट्रीय दर लागतो आणि तो देशी दराच्या अनेक पट आहे. मेसेज त्याच टॉवरवरून, त्याच फोनवर येतो. फक्त पाठवणाऱ्याची ऐपत वेगळी. काही ॲप ओटीपी व्हॉट्सॲपवर पाठवू लागली, त्यामागचं मोठं कारण हे आहे.

तुम्ही काय करावं, ते आता सांगतो. विक्रेत्याचं "इंग्रजीत पाठवा" ऐकू नका. त्याचा अर्थ बहुतेक वेळा रोमन लिपीतलं मराठी असा असतो, आणि ते वाचायला सभासदाला कष्ट पडतात. "काल" आणि "काळ", "दल" आणि "डाळ" तिथे एकसारखे दिसतात. ज्या माणसाने कर्जाच्या कागदावर मराठीत सही केली, त्याला थकबाकीची सूचना अडखळत वाचायला लावणं मला पटत नाही. लोकांच्या फोनवर देवनागरीऐवजी चौकोन दिसतात, हे कारणही आता जुनं झालं. भारतात विकल्या जाणाऱ्या मोबाईलवर सर्व भारतीय भाषांतले मेसेज वाचता आले पाहिजेत, असं आय एस १६३३३ हे भारतीय मानक सांगतं.

मराठीतच पाठवा, पण ७०च्या आत. हे बघा : "कर्जाचा जूनचा हप्ता ३५०० रु. १० तारखेपर्यंत भरावा. आपली पतसंस्था". मोजलं तर ६४. एक तुकडा. रक्कम पाच आकडी झाली, महिन्याचं नाव थोडं लांबलं, तरी सहा खुणांची सोय आहे. "सप्टेंबर" मात्र बसतो का ते आधी मोजा : त्याला आठ खुणा लागतात आणि "जून"ला तीन, म्हणजे पाच जास्त, आणि त्यात रक्कमही पाच आकडी असेल तर तुम्ही बरोबर ७०वर येता. "नमस्कार" गेलं, "कृपया" गेलं, "दुर्लक्ष करावे" गेलं. "भरा" न लिहिता "भरावा" लिहिलं, दोन खुणांमध्ये आदर राखला गेला. चार हजार सभासदांना तीन तुकड्यांनी महिन्याला १,८०० रुपये लागतात, एका तुकड्याने ६००. वर्षाला १४,४०० रुपयांचा फरक, जीएसटी वेगळा.

मोजताना डोळ्यांवर विश्वास ठेवू नका. काही वर्षांपूर्वी एका दूध संघाचा मजकूर मी बरोबर ७० खुणांचा बसवून दिला होता. त्यात "शेतकऱ्यांना" हा शब्द होता. त्यांच्या कार्यालयात कोणीतरी तो दुसऱ्या कीबोर्डवर पुन्हा टाइप केला. अर्धा र दोन प्रकारे टाइप होतो. एकात तो थेट ऱ आणि हलन्ताने बनतो, दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि एक अदृश्य जोडखूण. पडद्यावर दोन्ही शब्द हुबेहूब सारखे. पहिल्याच्या अकरा खुणा, दुसऱ्याच्या बारा. मजकूर ७१ झाला, मेसेजचे दोन तुकडे झाले आणि पुढचे कित्येक महिने संघ दुप्पट बिल भरत राहिला. मला ते उशिरा कळलं याची बोच अजून आहे. तेव्हापासून मी ७०ला टेकणारा मजकूर कोणालाच देत नाही, चार-पाच खुणा मोकळ्या सोडतो. "ॲप" या शब्दाचंही असंच आहे. काही कीबोर्ड ॲ एका खुणेत लिहितात, काही अ वर चंद्र देऊन दोन खुणांत.

इंग्रजी मेसेज पाठवत असाल तर उलटा सापळा असतो. रुपयाचं नवं चिन्ह त्या ७ बिटांच्या तक्त्यात नाही. वर्डमधून चिकटवलेली वळणदार अवतरणचिन्हं नाहीत, लांब रेघही नाही. यातलं एक जरी आलं, किंवा सभासदाचं नाव देवनागरीत भरलं गेलं, तर सगळा मेसेज युनिकोड होतो आणि १६०ची मर्यादा ७०वर येते. अर्धा इंग्रजी, अर्धा मराठी मजकूर म्हणूनच सगळ्यांत तोट्याचा.

डीएलटीबद्दल थोडं. तुम्ही संस्था म्हणून नोंदणीकृत असणार, हेडर (मेसेजवर दिसणारं पाठवणाऱ्याचं नाव) आणि टेम्प्लेट (मजकुराचा नमुना) मंजूर असणार, नाहीतर मेसेज गेलेच नसते. मजकूर छोटा केलात की नवं टेम्प्लेट मंजूर करून घ्यावं लागेल. रक्कम, तारीख अशा बदलत्या जागा सोडल्या तर मंजूर मजकूर आणि पाठवलेला मजकूर यांत एका खुणेचाही फरक चालत नाही, मघाची ती अदृश्य जोडखूणसुद्धा. ८ मार्च २०२१ला ही तपासणी कडकपणे सुरू झाली तेव्हा देशभर बँकांचे ओटीपी अडकले आणि ट्रायला ती काही दिवस थांबवावी लागली, त्यामागे अशाच न जुळणाऱ्या मजकुरांचा मोठा वाटा होता. म्हणून टेम्प्लेट ज्या फाइलमधून अर्जात भराल, त्याच फाइलमधून विक्रेत्याच्या मेसेज पाठवण्याच्या पॅनेलवर चिकटवा. पुन्हा टाइप करू नका. हप्त्याची आठवण सेवेच्या प्रकारात मोडते. त्याच मेसेजमध्ये "मुदत ठेवीवर आकर्षक व्याज" अशी ओळ जोडण्याचा मोह संचालक मंडळाला होतो. ती जोडली की मेसेज जाहिरातीचा ठरतो, डीएनडी (जाहिराती नकोत अशी सूचना) नोंदवलेल्या सभासदांना तो जाणार नाही आणि तक्रार झाली तर हेडर अडचणीत येईल.

मेसेजमध्ये सभासदाकडून एसएमएसने उत्तर मागू नका. तुमच्या हेडरला उत्तर पाठवता येत नाही, आणि स्वस्त रिचार्जमध्ये अनेकदा एसएमएसची सोयच नसते. नंबर पोर्ट करण्यासाठी लागणारा १९००वरचा मेसेजसुद्धा अशा ग्राहकांना पाठवता येत नव्हता. तो कोणत्याही रिचार्जवर जाऊ द्या, असं ट्रायला डिसेंबर २०२१ मध्ये कंपन्यांना बजावावं लागलं. त्यापेक्षा शाखेचा मोबाईल नंबर द्या, तो दहाच खुणा खातो; मजकूर मात्र तेवढा आणखी आखडावा लागेल.

दराची घासाघीस करता येते. बल्क एसएमएसचा दर ट्रायने बांधलेला नाही, तो तुमच्या आणि विक्रेत्याच्या करारावर आहे. पण चार हजार मेसेजांच्या ग्राहकाला पैसा-अर्धा पैसा सोडण्यापलीकडे कोणी जाणार नाही. तालुक्यातल्या दहा-बारा पतसंस्थांनी मिळून एकत्र खरेदी केली तर चित्र वेगळं होईल. हेडर आणि टेम्प्लेट मात्र प्रत्येकीचं स्वतःचं ठेवावं लागेल. विक्रेत्याला तीन गोष्टी लेखी विचारा. पैसे मेसेज सोडल्यावर कापता की पोचल्यावर? टेम्प्लेट न जुळून परत आलेल्या मेसेजचं क्रेडिट परत मिळतं का? आणि न वापरलेली क्रेडिट किती महिन्यांनी बुडतात? बहुतेक ठिकाणी पहिल्याचं उत्तर "सोडल्यावर" असं येईल. मग बंद पडलेल्या नंबरांवर तुम्ही दर महिन्याला पैसे घालवत आहात. डिलिव्हरी रिपोर्ट काढा, सलग तीन महिने न पोचलेले नंबर वेगळे करा आणि त्या सभासदांना पुढच्या वेळी शाखेत आल्यावर नवा नंबर विचारा.